कुरुळीच्या चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स

सोमवारी सकाळी सात वाजता कुरुळीच्या चौकात एका ज्येष्ठ नेत्याला भावपूर्ण श्रद्धांजली वाहणारा फ्लेक्स लागलेला दिसला. नेते त्या वेळी स्वतःच्या घरी चहा घेत होते. महिनाभर रुग्णालयात काढून ते नुकतेच परतले होते.

मी तेव्हा त्या हद्दीत वरिष्ठ निरीक्षक होतो. ठाणे अंमलदाराने पहिल्या फोनची नोंद स्टेशन डायरीत घेतली, तोवर चौकातली दुकाने बंद होऊ लागली होती. कंपन्यांच्या बस अडकल्या. नेत्यांच्या अंगणात माणसे हार घेऊन जमली. नेते स्वतः पायरीवर आले, तेव्हा पुढच्या माणसाला हातातला हार कुठे लपवावा ते कळेना.

नेत्यांचा पुतण्या अर्ज घेऊन ठाण्यात आला. पुढच्या निवडणुकीचा उमेदवार म्हणून त्याचे नाव घेतले जात होते. हे विरोधकांचे काम आहे, अफवा पसरवून दंगल घडवायची होती, कोणीही असो, आजच अटक करा, असे त्याचे म्हणणे होते.

पंचनामा करून फ्लेक्स जप्त केला. नेत्यांचा जुना फोटो आणि खाली कारकीर्द: सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, आमदार, पुन्हा आमदार, राज्यमंत्री. तळाची जागा कोरी होती. आमच्या भागात वाढदिवस असो की श्रद्धांजली, फ्लेक्सच्या तळाशी लावणाऱ्यांचे चेहरे रांगेने असतात. इथे एकही नव्हता. विरोधकाने खोडी काढली असती, तर तिथे दुसऱ्या कुणाचे तरी नाव टाकून त्याला गुंतवले असते.

दहाच्या सुमारास बीट हवालदाराला चौकातल्या चहावाल्याकडून खबर मिळाली. उजाडताना दापोडीच्या एका प्रिंटिंगवाल्याचा टेम्पो तिथे थांबला होता. फ्लेक्स बांधणारा कामगार तासाभरात ठाण्यात आला. तो मराठवाड्यातून आलेला, नेत्यांना ओळखत नव्हता. त्याला त्या चौकात एक वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा होता. दुकानातल्या दोन गुंडाळ्यांच्या पाठीवर कुरुळी चौक असेच लिहिलेले होते. त्याने चुकीची उचलली.

उलगडल्यावर मजकूर वाचला नाहीस का, असे मी विचारले.

"वाचला की साहेब. रोज एक वाढदिवसाचा लावतो, एक श्रद्धांजलीचा. वाटलं, गेले असतील."

ऑर्डर कुणाची, हे मात्र दुकानदार सांगेना. जुने गिऱ्हाईक आहे, एवढेच तो बोलला. मी फ्लेक्स पुन्हा पसरायला लावला. फोटो दोघांचा असावा आणि शेजारचा माणूस कापलेला असावा, असे दिसत होते. नेत्यांच्या खांद्यावर त्याची बोटे राहिली होती. तर्जनी अर्धीच होती.

तो हात मी ओळखत होतो. नेत्यांच्या प्रत्येक सभेच्या परवानगीचा अर्ज घेऊन एकच कार्यकर्ता ठाण्यात यायचा. भोसरीत पॉवर प्रेसवर काम करताना त्याचे बोट गेले होते. सही करताना तो पेन मधल्या बोटाने दाबून धरायचा.

दुपारी त्याला बोलावले. साठीचा माणूस, धुतलेला शर्ट घालून आला. पुतण्या समोरच बसला होता. त्याने बजावले, गुन्हा तर होईलच, आणि यापुढे आमच्या दाराची पायरी चढायची नाही. गुन्ह्याचे ऐकून तो माणूस हलला नाही. पायरीचे ऐकल्यावर खाली बसला.

"छापला मीच," तो म्हणाला. "तात्या आयसीयूत व्हते तवा. साहेब, तात्या ज्या दिवशी जातील, त्या दिवशी सगळ्या प्रिंटिंगवाल्यांकडं रांग लागंल. मोठमोठी लोकं येतील. तिथं माझा नंबर कवा लागायचा?"

खाली स्वतःचे नाव का नाही, असे विचारले.

"त्यांच्या फ्लेक्सवर माझं काय काम?"

नेत्यांचा जबाब घेणे बाकी होते. त्यांनी फ्लेक्स आणि कार्यकर्ता दोघांनाही घरी आणायला सांगितले. अंगणात फ्लेक्स पसरला. पुतण्याने अशुभ म्हणून हरकत घेतली, ती त्यांनी ऐकली नाही. खुर्चीत वाकून, काठीचे टोक ओळीखालून नेत त्यांनी स्वतःची कारकीर्द वाचली. मधेच काठी थांबली.

"हितं एक राहिलंय की रं."

"काय तात्या?"

"पडलो ते."

"ते कुनी लिवतं व्हय?"

"तू लिव. त्या पाच वर्षांत ह्या अंगनात दुसरं कोन येत व्हतं?" मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "साहेब, माझी तक्रार न्हाई. तसं लिवून घ्या. आन् ह्याला चहा द्या, सकाळधरनं उपाशी दिसतोय."

जबाब नोंदवला. गुन्ह्याचा हेतू आढळला नाही, असा शेरा मारून अर्ज निकाली काढला. कोऱ्या जागेमुळे शंका येऊनही त्या दिवशी ती बोटे दिसेपर्यंत मी फक्त नेत्यांच्या वैऱ्यांची यादी करत होतो. त्यानंतर तपासात मी जवळच्या माणसांची यादीही पहिल्या तासात करू लागलो.

पुढच्या वर्षी नेत्यांचे निधन झाले. बातमी सकाळी सातला आली. बंदोबस्तासाठी मी नऊच्या आत कुरुळीच्या चौकात पोहोचलो, तेव्हा तिथे एकच फ्लेक्स लागला होता. दोन्ही 'आमदार'च्या मधे नवी ओळ होती: 'एकदा पराभूत'. तळाची जागा कोरी होती.