मिटल्या डोळ्यांचा ट्रम्पेटवाला

पियानोवर बसलेल्या मेहुण्यानं स्वतःच्या डोक्यावर टपली मारली की समजायचं, एकट्याचं वादन पुरे. सगळ्यांनी मूळ चालीवर परत यायचं. त्याच्या बँडची ही खूण. बँडमध्ये होता तोवर ट्रम्पेटवाल्यानं ती मुकाट्यानं पाळली होती आणि मनातल्या मनात लाखोली वाहिली होती.

तरुणपणी ट्रम्पेटवाला एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवायचा. लोक सूप भुरकत, हा फुंकत असे. काट्याचमच्यांच्या खडखडाटावर मात करता करता त्याचा सूर धारदार झाला आणि जीभही. बायकोचा धाकटा भाऊ तिथे फुकटची कॉफी पीत ऐकत बसायचा. तोच पुढे पियानो शिकला, बँड उभा केला, त्यात ट्रम्पेटवाल्याला घेतलं, आणि एक दिवस त्याला काढून टाकताना म्हणाला, "भावजी, तुमचा सूर आता थकलाय." तेव्हापासून छत्तीसचा आकडा. घरच्या पंगतीत एक बसला की दुसरा हात धुवायला उठायचा.

आजचा कार्यक्रम एका जुन्या, दिवंगत अमेरिकन संगीतकाराच्या स्मरणार्थ होता; रंगमंचावर त्याचा हार घातलेला फोटो होता. बहिणीनं भावाला दम भरला होता, "यांना घेतलं नाहीस तर माझी पायरी चढू नकोस." कारण तिला ठाऊक होतं. नवऱ्याचे पुढचे दात हलत होते. ट्रम्पेट टेकतं ओठांवर, पण तोलतं दातांच्या जोरावर. उद्या ते काढायचे होते. म्हणजे आजचं वाजवणं शेवटचं. भावाला मात्र हे सांगायची तिला बंदी होती. "दात पाडून घेईन," नवरा म्हणाला होता, "पण त्याच्यापुढे तोंड वेंगाडणार नाही."

पडद्यामागे मेहुणा म्हणाला, "भावजी, तुमची एकट्याची एकच फेरी. लोक म्हाताऱ्यासाठी आलेत."

"कुठल्या?"

"फोटोतल्या."

"बिचारा मेला म्हणून वाचला. नाहीतर त्यालाही म्हणाला असतास, तुमची चाल थकलीय."

"ताईच्या तोंडाकडे बघून घेतलंय तुम्हाला."

"मग मीही तुझ्या तोंडाकडे न बघता वाजवतो."

आणि खरंच, पाळी येताच त्यानं उभं राहून डोळे मिटले. पहिली फेरी संपली. मेहुण्याची टपली पडली. दुसरी सुरू झाली. मेहुण्यानं डोकं अक्षरशः बडवलं.

"पियानोवाल्याला डास चावतायत का हो?" पहिल्या रांगेतल्या बाई कुजबुजल्या. "ट्रम्पेटवाला मात्र काय तल्लीन झालाय!"

शेजारी बसलेल्या ट्रम्पेटवाल्याच्या बायकोला खरं ठाऊक होतं. नवरा तल्लीन झाला की छताकडे बघतो. डोळे मिटतो तो फक्त भांडताना.

तिसऱ्या फेरीला मेहुण्यानं पियानोवरचे हात उचलले आणि ड्रमवाल्याला, बासवाल्याला थांबवलं. पायाखालची जमीनच काढून घेतली म्हणा ना! रंगमंचावर साथ सुटली की भलेभले घाम पुसत आत पळतात, मी पाहिलेत.

ट्रम्पेटवाल्यानं डोळे उघडले नाहीत. लय संथ केली आणि म्हाताऱ्याची मूळ चाल एकट्यानं वाजवायला घेतली. शेवटचा वरचा सूर घेताना दात कलला, सूर चरचरत फाटला, ओठ रक्तानं भरला. तरी श्वास संपेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर बहिणीनं रुमाल पुढे केला आणि भावाला सगळं सांगून टाकलं. मेहुणा पांढराफटक पडला.

"सांगायचं तरी, भावजी! दोन फेऱ्या आणखी दिल्या असत्या."

"म्हणूनच नाही सांगितलं. दिलेल्या नको होत्या."

मेहुण्याचा चेहरा पुन्हा कडक झाला. "सूर फाटलाच पण शेवटी."

"फाटला," रुमाल ओठावर दाबत ट्रम्पेटवाला म्हणाला, "पण थांबला का, ते सांग."

मेहुण्यानं तोंड उघडेपर्यंत बायकोनं ट्रम्पेटची पेटी उचलली होती आणि दोघं दाराबाहेर पडली होती.