कोरड्या धरणातले भोपळे

भोपळेकाकूंचा मळा धरणाच्या पोटात होता. ऐकणाऱ्याला थट्टा वाटे, पण ते धरणच वेगळं. पाणी साठवायला नव्हे, पूर अडवायला बांधलेलं. वरून लोंढा आला की दरवाजा लावायचा, पाणी धरून ठेवायचं आणि मग बेताबेतानं सोडून द्यायचं. एरवी ते रिकामंच हवं. आधीच भरलेलं असेल तर पूर ठेवणार कुठे? पण मोठा पूर येऊन इतकी वर्षं लोटली होती की लोक हसत, "एवढी भिंत उभी केली ती काय काकूंच्या भोपळ्यांना वारा लागू नये म्हणून?"

काकूंचे यजमान त्या धरणाचे दरवाजेवाले. दरवाजा त्यांच्याहून वयानं मोठा. त्याच्या चाकाला ते नेमानं ग्रीस लावत, भिंतीच्या पायथ्याशी नवी ओल आली का ते वाकून बघत.

"माझ्या गुडघ्यांना कधी एवढं तेल चोळलं नाहीत," काकू म्हणत.

"तुझे गुडघे दुखले की तू सांगतेस. हा बिचारा बोलत नाही."

त्या सकाळी लख्ख ऊन होतं. भोपळे ऐन भरात आले होते. काकू देवाचं नाव घेत तण काढत होत्या, तेवढ्यात यजमान भिंतीवरून ओरडले, "वर ये! डोंगरात धुवाधार झालाय, फोन आला. दरवाजा लावतोय!"

"या उन्हात? अहो, संध्याकाळपर्यंत थांबा ना. तयार झालेले तरी उतरवते."

"पाणी काय तुझ्या भोपळ्यांना विचारून येणार आहे?"

काकू तणतणत वर चढल्या. पण खाली नदीकाठच्या गल्लीत धाकटी जाऊ तळमजल्यावर राहायची आणि अंथरुणाला खिळलेले सासरे तिच्याकडेच होते. ते आठवलं आणि पुढचं भांडण तोंडातच विरलं.

चाक फिरलं. दरवाजा कुरकुरत खाली आला आणि उंबऱ्याच्या वीतभर वर अडला. यजमानांनी सगळा जोर लावला. हलेना. त्यांचा चेहरा उतरला. वीतभर फटीतून पुराचं पाणी सुटलं असतं, तर गल्ली बुडालीच असती, वर म्हातारा दरवाजाही थरथरून निखळला असता.

काकूंनी वाकून पाहिलं. फटीत हिरवं काहीतरी बोळा होऊन बसलं होतं. शेळ्या शिरू नयेत म्हणून परवाच त्यांनी तिथे जाळी बांधली होती. "दरवाज्याच्या तोंडाशी काही नको," असं यजमान म्हणाले होते. काकू "बरं" म्हणाल्या होत्या आणि ते बाजारात गेल्यावर बांधून मोकळ्या झाल्या होत्या.

"अहो, दरवाज्याला बोल लावू नका. माझी जाळी आहे ती."

"आता काय म्हणू मी तुला?"

"म्हणायला जन्म पडलाय. आधी वर घ्या तो."

दरवाजा हातभर उचलला गेला. काकू विळा घेऊन खाली उतरल्या. "चाक घट्ट धरा हं. रागाच्या भरात सोडाल!" असं बजावत त्यांनी जाळी कापून ओढली, उंबरा हातानं चाचपला, काठीनं खरवडला, पुन्हा चाचपला. मगच वर आल्या.

या वेळी दरवाजा ठक्क करून टेकला. काकूंचे हात जोडले गेले. देवाला की दरवाज्याला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी लोंढा आला. गढूळ, काड्याकुड्या घेऊन. बघता बघता वेल दिसेनासे झाले. भिंत मात्र जागची हलली नाही. मग देठ तुटून पिके-कच्चे भोपळे एकेक करत सुटले आणि डुलत डुलत भिंतीशी आले.

जाऊचा फोन आला. "ताई, इथे नदी पहिल्या पायरीलासुद्धा लागली नाही. मामंजी विचारतात, खरंच दरवाजा लावलाय का?"

"लावलाय म्हणावं. माझे भोपळे पोहताहेत! एक पाठवते, पण जरा कच्चा आहे, शिजायला वेळ घेईल."

यजमान लांब आकडीनं एकेक भोपळा ओढून काठावर ठेवत होते. हळूच म्हणाले, "मग, पुढच्या खेपेला जाळी?"

"नको. शेळ्यांशी मी तोंडानंच भांडेन," काकू म्हणाल्या. "तो पलीकडचा मोठा भोपळा ओढा आधी, निसटेल."