पुसेगावची माती काचेच्या नळीत

चाळिशी ओलांडल्यावर संशोधनाला हात घातलेल्या माणसाने आठवणीही लिहायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा.

दोन हजार सालच्या आसपास हिंगोलीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असताना मी काळ्या मातीतील ह्यूमिक द्रव्ये वेगळी करीत होतो. पालापाचोळा कुजून मातीत जी तपकिरी द्रव्ये मुरतात, ती अल्कलीत उतरवायची आणि जेलच्या बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडायची. मोठे रेणू मण्यांना वळसा घालून आधी खाली येतात. लहान रेणू मण्यांत शिरून रेंगाळतात. माझ्या मार्गदर्शकांनी बजावले होते, की वर्षानुवर्षे खत न पडलेल्या वावराची माती हवी. तिचा गडद पट्टा स्वच्छ वेगळा झाला, तरच प्रबंध पुढे सरकेल. असे पडीक वावर पुसेगावला थोरल्या बहिणीकडे होते. तिने डबा भरून माती पाठवली.

पट्टा वेगळा होईना. त्याच्यामागे फिकट पिवळी शेपूट लांबतच जाई. दोष माझ्याच हाताचा, असे धरून मी कॉलम रिता करी, पुन्हा भरी. एखादा बुडबुडा राहिला असेल म्हणून नळीला नाक लावून बसे. वर्गात फळ्याकडे वळलो तरी डोळ्यांपुढे थेंब पडत. अखेर रिकामा डबा घेऊन मी पुसेगावची बस धरली.

"पुन्हा माती? काहून रे बापू, पहिली सरली?"

"सरत आली. त्याच पडीक वावरातली होती ना, अक्का?"

"व्हय की. पण ती भुरकी, खड्याची. माहेरी तशीच धाडू? तुझे सर लोक म्हणले असते, पोरगी कुठं दिली! कुजलेलं शेणखत कालवलं, चाळलं, मग भरली."

दाजी सुपारी कातरत हसले. "दाखवायच्या पोरीवानी नटवली तिनं माती. पावडर तेवढी राहिली."

"तुमी गप बसा. बापू, आवडली का रे तुझ्या सायबाला?"

वर्षभराचे आलेख क्षणात निकामी झाले होते, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"फार आवडली," मी म्हणालो.

"मग औंदा दुप्पट खत घालते," म्हणत तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि ती उकिरड्याकडे चालू लागली.

वाचकहो, तिला हाक मारून मी काय सांगायला हवे होते?