थरथरणारा मोर

चॅनलने आमची टेलिफिल्म परत पाठवली. कारण एका ओळीत होते: सुरुवातीचा लोगो थरथरतो आहे. फिल्म रविवारी दाखवायची होती. सुधारलेली प्रत शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचली नाही, तर त्या वेळेला दुसऱ्या कंपनीची फिल्म लागणार होती. आणि शनिवार उजाडला होता.

मुलांनो, लोगो म्हणजे फिल्मच्या आधी काही सेकंद दिसणारे कंपनीचे चिन्ह. ते दिसताच तुम्ही स्किप दाबता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जुळे सोलापूर भागातल्या या लहान कंपनीत लागले. तयार फिल्म चॅनलकडे जाण्याआधी तिचे चित्र, आवाज, अक्षरे तपासणे हे माझे काम.

कंपनी श्रीनिवासची. त्याच्या नानांचा, म्हणजे वडील नरसय्यांचा, चादरींचा कारखाना होता. तो बंद झाला तेव्हा मुलाने कारखान्याचे नाव कंपनीला दिले. माग विकण्याआधी नरसय्यांनी एक शेवटची चादर विणली. तिच्यावर मोर आणि खाली कारखान्याचे नाव. तीच आमचा लोगो. कॅमेरा तिच्यावरून हळूहळू सरकत जाई.

एडिटिंगच्या मोठ्या मॉनिटरवर ती स्थिर दिसे, आणि मी तिथेच तपासली होती. आता साध्या टीव्हीवर लावून पाहिली, तर मोर उकळत्या पाण्यासारखा हलत होता.

टीव्हीचे चित्र ठिपक्यांच्या बारीक रांगांचे बनते. कापडाचे धागेही तितकेच बारीक असले की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि कापड थरथरल्यासारखे दिसते. याला मॉरे म्हणतात. रोजची जाड चादर सहज पास झाली असती. पण शेवटची म्हणून नरसय्यांनी मुद्दाम बारीक सूत लावले होते.

आमची एडिटर रिझवाना म्हणाली, "सर, चादर सोडा. दुपारपर्यंत कॉम्प्युटरवर मोर करून देते."

"कर," श्रीनिवास म्हणाला. "नानांना काय, रविवारी कळेलच."

"त्यांनी रविवारी सगळ्या गल्लीला बोलावलंय ना?" मी विचारले.

"तेच तर, मावशी."

"मग आत्ताच बोलाव. गल्लीसमोर कळण्यापेक्षा इथे कळू दे."

नरसय्या रिक्षाने आले, चादर काखेत घेऊन. टीव्हीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"बाई, हे माझं कापड न्हाय. वारं लागल्यागत करतंय."

"सूत फार बारीक आहे, भाऊ. टीव्हीला झेपत नाही."

"जन्मभर गिऱ्हाईक म्हणालं, नरसय्या, सूत जाड हाय. आता टीव्ही म्हणतो बारीक हाय. कुणाचं ऐकायचं की?"

रिझवानाने चित्र थोडे धूसर करून दाखवले. थरथर थांबली, पण धागेही गेले.

"हे रेक्झिन हाय," नरसय्या म्हणाले. "मी काय सोफे शिवत होतो?"

लांबून धागे बारीक दिसत होते. मग कॅमेरा खूप जवळ नेला तर? आम्ही चादर खिडकीपाशी उजेडात ताणून बांधली आणि जवळून शूट केले. टीव्हीवर एकेक धागा दोरीसारखा दिसला. काही हलले नाही. मात्र चौकटीत फक्त मोराची मान आणि डोळा मावला. नाव बाहेर राहिले.

"नाव पाहिजेच," श्रीनिवास म्हणाला. "मोर राहू दे, नाव जवळून घेऊ."

"नाव खाली टाईप कर," नरसय्या म्हणाले.

"नाना, तुम्ही विणलंय ते."

"नाव गेटवर बी होतं. गेट भंगारात गेलं की. टाईप कुणी बी करतंय. मोर घे."

श्रीनिवासने नाव टाईप करून दिले. रिझवानाने मोर घेतला. फिल्म वेळेत गेली आणि पास झाली.

रविवारी मीही त्यांच्या घरी होते. लोगो आला आणि गेला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "मोर लई भारी काढलाय. कॉम्प्युटरवर आता काय बी होतंय."

नरसय्यांनी उठून कपाटातून चादर काढली आणि त्या गृहस्थांच्या मांडीवर टाकली. "हात लावून बघ," म्हणाले आणि पुन्हा फिल्म बघू लागले. चादर मग हातोहात खोलीभर फिरली. त्या गडबडीत फिल्मचा पहिला प्रसंग बऱ्याच जणांचा हुकला.

तेव्हापासून मी प्रत्येक लोगो आधी साध्या टीव्हीवर बघते. आणि कुणाची वस्तू फिल्ममधून काढून टाकायची असेल, तर आधी त्या माणसाला बोलावून घेते. बोलावल्याने काम लांबेल असे वाटते. उलट लवकर होते.