ऐकल्याबिगर सुतक नाही

माझे वडील काटोलला वारल्याची खबर काठमांडूला पोचली, तेव्हा मी धर्मशाळेच्या गच्चीवर केस वाळवत बसले होते. फोन खाली ऑफिसात आला आणि तो आमच्या यात्रेच्या पुढाऱ्यांनी घेतला. ते नागपूरला आमच्याच मोहल्ल्यात राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. दरसाल कुठली ना कुठली यात्रा काढत. त्या वर्षी पहिल्यांदाच नेपाळ काढलं, म्हणून मोहल्ल्यातले लोक आम्हाला 'फॉरेनले चालले' म्हणून चिडवायचे. फोन ठेवल्यावर ते जिना चढून माझ्याकडे यायला हवे होते. ते गेले माझ्या सासूबाईंकडे.

हे सगळं मला पुढे कळलं, यात्रेतल्या एका मास्तरीणबाईंकडून. त्या वेळी त्या तिथेच, बाजूच्या खाटेवर बसल्या होत्या.

परतायला थोडे दिवस उरले होते. पशुपतिनाथाची पूजा मुद्दाम सोमवारसाठी राखून ठेवली होती, कारण सासूबाईंचा नवस होता. लग्नाला चार वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. नवराबायकोनं जोडीनं पूजा करायची, त्यासाठीच तर आम्हा दोघांना आणलेलं. आता बाप गेलेल्या पोरीला देवासमोर कसं बसवणार? पुढाऱ्यांनी तोड काढली.

"ऐकल्याबिगर सुतक लागत नाही," ते म्हणाले. "तिच्या कानावर जाईन तवापासून धरा. आन् सांगून तरी काय होते? आग तर आजच देतीन. पोचणार हाय काय ती?"

पोचणार नव्हतेच. घाटातली बस, मग रक्सौलची गाडी, मग आणखी दोन गाड्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि हेच मला आजवर छळत आलं आहे.

मग माझ्या नवऱ्याला बोलावलं. तो म्हणे भिंतीकडे तोंड करून रडला. मग तोंड धुतलं, गच्चीवर आला आणि मला म्हणाला, "चाल, बाजारात जाऊ."

लग्न झाल्यापासून मी इतकी सुखात कधी नव्हते. सासूबाई ताटात आधी मला वाढत. एरवी दमले म्हटलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आता त्याच विचारत, "काहून वं, दमली काय? बस जराशी." एका सकाळी त्यांनी माझी वेणी घातली. त्यांचे हात माझ्या केसांना पहिल्यांदाच लागले. मला वाटलं, आता मी ह्या घरची झाले. परदेशात माणसं मोकळी होतात म्हणतात, तसं काही झालं असेल. मी मनातल्या मनात त्यांची कितीतरी माफी मागितली.

बाजारात मी बाबांसाठी चिनी टॉर्च घेतला. ते रात्री-बेरात्री संत्र्याच्या बागेत पाणी सोडायला जात, आणि त्यांचा कंदील वाऱ्यानं विझायचा. दोन टॉर्च हातात धरून मी सासूबाईंना विचारलं, कोणता घेऊ?

"मोठा घे," त्या म्हणाल्या. "उजेड चांगला पडन."

मास्तरीणबाई दुकानाबाहेर निघून गेल्या. मला वाटलं, माझं कौतुक त्यांना बघवत नाही.

सोमवारी मी हिरवं लुगडं नेसले, कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. पूजेत नवऱ्याच्या हाताला हात लावून बसले. मी मूल तर मागितलंच, पण बाबांच्या गुडघ्यांसाठीही मागितलं. संध्याकाळी धर्मशाळेत गाण्यांच्या भेंड्या रंगल्या. माझा आवाज बरा, म्हणून पुढारी सारखे मलाच उभं करत. मी गात होते आणि यात्रेतली सगळी माणसं, माझा बाप गेला हे ठाऊक असलेली, टाळ्या देत होती.

मला नागपूरला घरी गेल्यावर सांगायचं ठरलं होतं. पण इटारसीहून आम्हाला पॅसेंजर मिळाली आणि ती काटोलला थांबली. माहेरचं स्टेशन म्हणून मी खिडकीतून वाकून बघत होते. फलाटावर माझा मोठा भाऊ कुणाला तरी उतरवून घ्यायला डबे शोधत येताना दिसला. मी हसत हाक मारली. तो वळला, आणि टोपीखाली त्याचं डोकं तासलेलं दिसलं.

"कोण गेलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्या बांगड्यांकडे पाहिलं. "नाटक नको करू," तो म्हणाला. "फोनवर सांगतलं होतं तुह्या लोकांनी. म्हने, तिले सांगतलं, पण दर्शन राहिलं हाय, ते करूनच येतो म्हणते."

भावानं पुन्हा फोन करू नये म्हणून पुढाऱ्यांनीच उलट फोन करून तशी थाप मारली होती. मी मागे वळले. सासूबाई डब्याची थाळी पुसत होत्या.

"आता नागपूरले चाल," त्या म्हणाल्या. "आंघोळ कर, मंग धाडतो तुले."

मी होते तशी उतरले. चपला बाकाखाली राहिल्या. नवरा दारापर्यंत आला, दांडी धरून उभा राहिला. गाडी हलली तरी तो उतरला नाही.

घरी आईनं मला जवळ घेतलं, पण माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं नाही. शेजारच्या बाया दारात उभ्या होत्या. "आली काय फॉरेनवरून," त्यातली एक म्हणाली. भावानं माझ्यासमोरून पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

मी सासरी परत गेले. दुसरं कुठे जाणार होते? वर्षभरात मला मुलगी झाली. सासूबाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "देवानं ऐकलं, पण अर्धंच."

भाऊ पुढे बोलायला लागला, राखी बांधून घ्यायला लागला. बरीच वर्षं गेल्यावर एकदा बागेत संत्र्यांची तोड चालली असताना त्यानं आपणहून विचारलं, "खरंच तुले तवा कोणी सांगतलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. व्यापारी भाव सांगतो आणि ऐकणारा हलवतो, तशी; ऐकलं एवढंच, पटलं असं नाही. मग तो मजुरांना हाका मारत पुढच्या झाडाकडे गेला.