आप्पांची मधली मोकळी जागा

आप्पा पेंटर कोणतीही वस्तू जवळून बघत नसत. चहाचा कप हातात दिला तरी आधी हात लांब करून, डोळे बारीक करून तो न्याहाळत. चाळीस वर्षं त्यांनी तमाशाचे आणि जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवले. फ्लेक्स आले, काम संपलं, तेव्हा खुटबावच्या घरी बसून ते स्वतःची चित्रं काढू लागले. आता आप्पा नाहीत, म्हणून खोटं कौतुक करणार नाही.

ती चित्रं मला आवडली नाहीत. पानं केरसुणीने मारल्यासारखी, रंग हॅलोजनखाली खपतील असे भडक. शिरूरच्या आमच्या वाचनालयात प्रदर्शन ठरलं तेव्हा यादी माझ्याकडे होती. अकरा चित्रं. सगळ्यांच्या कडा गच्च भरलेल्या आणि मधोमध ओसाड.

"आप्पा, मध्ये कुणीतरी घाला की."

"मधी मानूस घातलं तर बाई नाचंल कुठं?"

"इथं कोण नाचणार आहे?"

"हात ऐकत न्हाई, मॅडम. तिथं आला की उचलतोय."

प्रेक्षकांबद्दल त्यांचं मत वाईटच होतं. "म्होरं बाई हुबी, मागं माझा राजवाडा. सगळी येडी बाईकडं बघत्यात. राजवाडा म्या काय म्हसरांसाठी रंगवला व्हय?" या वेळी चित्रांसमोर नाचायला कुणी उभं राहणार नव्हतं. त्यासाठी आप्पांनी नवा सदरा शिवला.

सणसवाडीच्या कारखान्यातले एक साहेब सहकुटुंब आले. त्यांनी बायकोला नदीकाठाच्या चित्रापुढे उभं करून फोटो काढला. बाई मोकळ्या जागेत मापात बसली. मग रांगच लागली. सगळे चित्राकडे पाठ करून दात काढत होते. आमचे अध्यक्षही मिशीवर हात फिरवून उभे राहिले, वर म्हणाले, "आप्पा, बॅकग्राउंड एक नंबर."

"बघा," आप्पा मला म्हणाले, "बाई न्हाई तर हेच नाचाय लागलं."

मला लोकांची किळस आली आणि आप्पांचाही राग आला. "जागा तुम्हीच सोडलीत."

"व्हय. त्येचाच तर राग हाय."

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. नोंदीसाठी फोटो हवा होता, म्हणून मी त्यांना नदीकाठाच्या चित्राशेजारी बोलावलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. "मी कशाला? तुम्ही बघा. आता मधी कुनी न्हाई."

मी मोबाईल ठेवला आणि बघितलं. चित्र भडकच होतं. पण डाव्या कडेला, पाण्याजवळ, बोटभर पायऱ्या होत्या आणि त्यातली एक फुटलेली. तमाशाच्या तंबूत ती पहिल्या रांगेलाही दिसली नसती.

"ही फुटकी पायरी?"

"आमच्या जुन्या गावची, राहूची. नदीला उतरताना. नदीच्या परत्येक पडद्यावर घातलीया म्या."

"कुणी विचारलं नाही कधी?"

आप्पांनी उठून आपली खुर्ची उचलली आणि चित्रासमोर, माझ्याजवळ आणून ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "त्या कडंलाबी एक गंमत हाय."