प्रोटीनचा गुंता

आमच्या घरात दोन माग होते, आणि सुताचा गुंता दिसला की हातातलं काम टाकून तो सोडवायचा, हा घरचा कायदा होता. गुंता तसाच ठेवून उठणारी बाई आमच्या विणकर गल्लीत आळशी ठरायची. आईला कुणी चोर म्हटलेलं एक वेळ चाललं असतं, आळशी म्हटलेलं नाही.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, अभ्यासक्रम नवाकोरा होता. जीवशास्त्राचे सर मोहोळकडचे. शब्द पुस्तकातले, बाकी सगळं गावाकडचं. "पॉलिपेप्टाइड म्हंजी लई काय न्हाय. दोरा हाय की! पर सरळ दोरा कामाचा न्हाय. घडी पडली तरच त्यो काम करतो." कामाला लागण्याआधी प्रोटीनला आपला गुंता करून घ्यावा लागतो, हे ऐकून मी मनातल्या मनात आईची माफी मागितली.

वडिलांचं ठरलेलं होतं. पोरीत काही आहे असं सर म्हणाले तर बारावी, नाहीतर शाळा बंद आणि दिवसभर कांड्या भरायच्या. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी मी सातवीपासून भरत होते आणि मला तिचा मनापासून वीट आला होता. त्यामुळे सरांनी प्रोटीनचं मॉडेल करायला सांगितलं, तेव्हा मी जीव ओतला. एकच लांब दोरा घेतला आणि त्यावर अमिनो आम्लांचे ठिपके रंगवले. पाण्याला भिणारी काळी, पाण्याशी पटणारी निळी, गंधकवाली पिवळी. पेन्सिलीवर दोऱ्याची वेटोळी केली, मग वेटोळ्यांच्या घड्या घातल्या. काळे आत, निळे बाहेर, पिवळ्याला पिवळा टाचलेला. सगळ्या मधल्या सुट्ट्या त्यात गेल्या.

द्यायच्या आदल्या दिवशी दुपारीच ते घरी आणलं, कोनाड्यात ठेवलं आणि पाणी भरायला नळावर गेले. रांग एवढी मोठी होती, की संध्याकाळ झाली. परत आले तर आईनं भरलेली कांडी माझ्यापुढे धरली.

"कुणी केला गं एवढा गुंता? अख्खी दुपार गेली. पण एकदाही दोरा तुटू दिला नाही बघ," ती आमच्या तेलुगूत म्हणाली. चेहऱ्यावर इतकं समाधान, की तिच्यासमोर रडायचीही सोय नव्हती. मी न्हाणीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी कांडी सरांच्या टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत, हे मला फारच वाईट लक्षण वाटलं.

"दोरा तुटलाय?"

"नाही, सर."

"ठिपक्यांचा क्रम?"

"तसाच आहे."

"मग घाल की घडी. हितंच."

मी दोरा कांडीवरून उतरवला. काळ्यांना आत ढकललं, पिवळ्यांची गाठ घालून दिली, आणि तास संपायच्या आत घडी पहिल्यासारखी पडली. मी काही पाठ केलं नव्हतं. कुठं वळायचं ते ठिपकेच सांगत होते.

"खऱ्या प्रोटीनचंबी असंच हाय," सर वर्गाला म्हणाले. "साखळी शाबूत असली, तर उलगडलेली कैक प्रोटीनं आपली आपण परत घडी घालत्यात. हिच्या आईनं प्रयोग केलाय, हसताय काय?"

संध्याकाळी सर घरी आले. "पोरगी हुशार हाय. थांबवू नका," म्हणाले. वडिलांनी मान डोलावली, मग मागांकडे पाहिलं.

"ते खरं हो सर. पण दोन मागांना कांड्या कोण भरणार?"

  आई कांड्या भरायचं चाक फिरवत बसली होती. परक्या माणसासमोर ती कधी तोंड उघडत नसे, आणि मराठी तर तिला जेमतेमच यायची.

"तिच्या वाटच्या मी भरते," ती म्हणाली. सरांना कळावं आणि वडिलांना नंतर माघार घेता येऊ नये, म्हणून मराठीत.